तंबोरा कुठाय?

शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात रिक्षा शिरत नाही. पूर्वीही शिरत नव्हती. कोपऱ्यावर उतरले, पिशवी खांद्याला लावली आणि चालत निघाले. रशीदचाचांच्या दुकानाच्या निळ्या फळ्या तशाच आहेत, फक्त वरची पाटी बदललीय. 'तंबोरे, सतारी, पेट्या दुरुस्त करून मिळतील' ही चाचांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी आत भिंतीला टेकवून ठेवलीय आणि बाहेर त्यांच्या मुलीची, शाहीनची, दिव्यांची पाटी लागलीय. पुढच्या अर्ध्या भागात चाचांची बैठक. पाठीमागं काचेच्या दाराआड शाहीनचा कॉम्प्युटर आणि रेकॉर्डिंगची खोली. पुढं लाखेचा, सरसाचा आणि वाळलेल्या भोपळ्याचा वास, मागं एसीचा गारवा. मधलं दार जरा उघडं राहिलं की चाचा ओरडतात, "दार लाव गं, लाकूड तडकतंय माझं!"

मी गेले होते ती बापूंची बंदिश चाचांना ऐकवायला. बापू म्हणजे माझे गुरू. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांची शेवटची बंदिश यंदा एका कॅसेटवर सापडली, शाहीननं ती कॉम्प्युटरवर घेऊन साफ करून दिली आणि तीन महिने मी ती फोनवरून घोकत होते. येत्या रविवारी चार जाणत्या माणसांपुढं ती गायची होती, मग शाहीनकडंच रेकॉर्ड करायची होती. बापूंचा तंबोरा तीस वर्षं चाचांनी सांभाळला, तेव्हा आधी त्यांच्या कानावर घालावी, एवढंच मनात होतं. शाहीननं काम केलं तेव्हा चाचा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मिरजेला होते. त्यांनी ती ऐकलीच नव्हती.

फोन स्पीकरला जोडला. बापूंचा आवाज आला, स्वच्छ, कोरडा, धुऊन वाळत घातल्यासारखा. चाचा डोळे मिटून ऐकत होते. हातातली कानस हातातच. साडेचार मिनिटांत बंदिश संपली. चाचांनी डोळे उघडले आणि इकडंतिकडं बघितलं, जेवायला बसल्यावर घरातलं एक माणूस कमी दिसावं तसं.

"तंबोरा कुठाय?"

"काढला की, अब्बा," शाहीन दारातून म्हणाली. "नुसता गळा ठेवायचा आणि बाकीचा गोंगाट काढायचा, असलं सॉफ्टवेअर हाय. टेपची खरखर गेली, म्हशी गेल्या, पंखा गेला."

"तंबोरा गोंगाट व्हय?"

"मी न्हाय काढला, त्यानं काढला. एकसारखा आवाज चाललेला दिसला की त्याला वाटतंय गोंगाटच."

चाचा हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही.

माझं गाव गडमुडशिंगी. कोल्हापूरला इतकं चिकटलेलं की सकाळी निम्मं गाव शहरात कामाला जातं आणि दिवेलागणीला परत येतं. माझे वडील त्यातलेच. मी नऊ वर्षांची असल्यापासून रोज सकाळी किटली घेऊन बापूंच्या गोठ्यावर दूध आणायला जायची. बापूंच्या सहा म्हशी होत्या आणि दीड एकर ऊस होता. तरुणपणी ते शहरातल्या एका म्हाताऱ्या गवयाच्या घरी दूध घालायचे, आणि दूध घालून झाल्यावर पायरीवर बसून ऐकायचे. त्या गवयांनी एक दिवस त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं. पुढची चौदा वर्षं बापू तिथं शिकले. म्हशी काही सोडल्या नाहीत. "गवई उपाशी राहतोय, गवळी न्हाय राहत," असं सांगून स्वतःच मोठ्यानं हसायचे.

गोठ्यात शिरलं की आधी भिजवलेल्या सरकीचा वास, मग शेणाचा, मग कडब्याचा. बापू चंद्री नावाच्या म्हशीच्या बुडाशी उकिडवे बसलेले, गुडघ्यांत पितळी चरवी. रिकाम्या चरवीत पहिली धार पडली की टण्ण आवाज यायचा, आणि चरवी भरेल तसा तो चढत जायचा. बापू मान न वळवता विचारायचे, "आता कुठं आला?"

"मध्यमावर."

"व्हय. आता बुडंल फेसात."

माझं गाणं असं सुरू झालं. कुणी नारळ फोडला नाही की गंडा बांधला नाही. मी किटली घेऊन उभी राहायची, ते विचारायचे, मी सांगायची. महिन्याभरानं म्हणाले, "उद्यापास्नं किटली भरल्यावर पळायचं न्हाय. बसायचं."

बसायचं म्हणजे गोठ्याला लागून असलेल्या खोलीत, तंबोऱ्यासमोर. तिथं बापूंचा एक कायदा होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. आधी ते तंबोरा छेडायचे. नुसताच. तीन मिनिटं, चार मिनिटं, कधी दहासुद्धा. बोलायचे नाहीत, गायचे नाहीत. आपण गप्प बसून ऐकायचं. तंबोऱ्याची शेवटची जाड तार, खर्जाची, ती सा वाजवते. पण नीट कान दिला की त्या सा-च्या आतून एक गंधार, सारेगमधला ग, उमटायला लागतो. तो कुणी छेडलेला नसतो, आपसूक येतो. तो ऐकू येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. "आला का?" ते विचारायचे. आला नसताना आला म्हटलं तर त्यांना कळायचं. कसं कळायचं देव जाणे, पण कळायचं.

मग ते एक ओळ गायचे आणि थांबायचे. तंबोरा चालू. ओळीएवढ्याच त्या मोकळ्या फेरीत, म्हणजे आवर्तनात, आपण ती ओळ म्हणायची. ते पुन्हा गायचे, आपण पुन्हा. माझं घोडं एकाच जागी अडायचं. शाळेत मी पेटीवर प्रार्थना वाजवायची, आणि पेटीचा गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा केसभर चढा असतो. तोच माझ्या गळ्यात बसलेला. बापू चेहरा वाकडा करायचे, दूध फाटल्यावर करतात तसा.

"गंधार चढला. पुन्यांदा."

ही दोन वाक्यं मी आयुष्यात जितक्यांदा ऐकली तितक्यांदा माझं नावसुद्धा ऐकलं नसेल.

थंडीत गुऱ्हाळं सुरू झाली की त्या खोलीत चिपाडाच्या धुराचा आणि काकवीचा गोड, जड वास भरून राहायचा. गाताना तो गळ्यात उतरायचा. पावसाळ्यात तंबोऱ्याचा घसा बसायचा. जवारी बिघडायची, म्हणजे तारेखालचा तो बारीक दोरा हलायचा आणि आवाज बद्द यायचा. मग बापू तंबोरा वाकळेत गुंडाळून, बाळंतिणीला नेतात तसा जपून, एसटीनं रशीदचाचांकडं आणायचे आणि मी भोपळ्याची बाजू धरून मागं. कंडक्टर विचारायचा, "पावणं, ह्येचं अर्धं तिकीट काढू का पुरं?" चाचा दोरा काढायचे, दुसरा घालायचे, नखानं सरकवत राहायचे. एक जागा अशी यायची की तार एकदम उजळून बोलायला लागायची. चाचा आणि बापू दोघं एकदमच "हां" म्हणायचे. कधी पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाणं व्हायचं. पालखीची पदं बापू घाटाच्या खालच्या पायरीवर बसून ऐकायचे, पाण्यावरून येतात तशी. मला त्या पदांपेक्षा कवठाच्या बर्फीत जास्त रस होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

बापू बंदिशी बांधायचे. भाषा ब्रज, म्हणजे त्यांना ती ब्रज वाटायची. मधेच आमचा कोल्हापूरचा 'की' घुसायचा. 'आवो की', 'गावो की', 'सुन ले की'. शहरातले जाणकार हसून म्हणायचे, "बापू, 'आवो की' म्हणजे काय हो? किसकी?" बापू शांतपणे सांगायचे, "नुसतं 'आवो' म्हटलं तर पावणं येतंय न्हायतर न येतंय. 'आवो की' म्हटलं की येतंयच." बंदिश बांधणारा तिच्या दुसऱ्या भागात, अंतऱ्यात, आपलं टोपणनाव गुंफतो. बापूंचं नाव होतं 'गोरस'. म्हशीच्या बुडाशी बसणाऱ्यानं दुसरं काय घ्यावं?

बंदिश लिहून ठेवायची नाही, ही त्यांची दुसरी जिद्द. आज सुचली की गुणगुणायची आणि सोडून द्यायची. दुसऱ्या दिवशी धारेच्या वेळी आपणहून आठवली तर ती राहिली. नाही आठवली तर गेली, तिच्यामागं धावायचं नाही. अशा किती गेल्या असतील! मी एकदा वहीत उतरवून ठेवली तर चिडले. "ती ऱ्हायला आलीती का बघायचं व्हतं मला. तू दावणीला बांधलीस की तिला."

मी आता स्वतः बंदिशी बांधते. माझ्या फोनमध्ये चारशेच्या वर मुखडे, बंदिशींच्या नुसत्या पहिल्या ओळी, पडलेत. रस्त्यानं जाताना सुचलं की तोंडाजवळ फोन धरते, लाल बटण दाबते, आणि निवांत विसरते. विसरायची सोय झाली हो! चारशेपैकी पुऱ्या झाल्यात अकरा. उगाच यंत्राला शिव्या द्यायचा माझा स्वभाव नाही. फोनमधला तंबोरा पावसात बसत नाही, त्याला वाकळ लागत नाही, कंडक्टर तिकीट मागत नाही. माझी एक विद्यार्थिनी धारवाडहून शिकते, एक पार परदेशातून, आणि दोघी माझ्यापेक्षा नियमित बसतात. तबला वाजवायला माणूस नसला तर यंत्र दोन तास न कुरकुरता त्रिताल देतं. पण ऑनलाइन शिकवताना एक होतं. मी ओळ म्हणून थांबले, की पलीकडच्या मुलीचा आवाज उशिरा येतो, आणि ती गात असताना मी तंबोरा छेडला तर तिचाच आवाज गुदमरतो. म्हणून आम्ही पाळी लावलीय. ती गाते तेव्हा मी गप्प, तंबोरासुद्धा गप्प. असंच चाललंय. सवय होते माणसाला.

मी तेविसाव्या वर्षी पुण्याला गेले. का गेले ते इथं उगाळण्यात अर्थ नाही. तिथं कीबोर्डवर जाहिरातींच्या चाली करायचं काम मिळालं, बरं जमलं, पुढं मालिकांची शीर्षकगीतंही केली. बोलण्यातला आमच्याकडच्या बायकांचा 'मी येतो, मी जातो' जाऊन 'मी येते, मी जाते' आलं. सुट्टीला गावी गेल्यावर बापूंची मुलगी, आक्का, खो खो हसायची. "येते म्हणं! पुण्याची झालीस की गं तू." बापू काही म्हणायचे नाहीत. तंबोरा लावायचे, मी दोन ओळी म्हणायची, ते म्हणायचे, "गंधार चढला," आणि मी घड्याळाकडं बघायची. मग ते 'पुन्यांदा' म्हणायचे थांबले.

शेवटचा फोन एका पावसाळ्यात आला. माहेरी आलेल्या आक्कानं लावून दिलेला.

"एक बांधलीया," बापू म्हणाले. "तुझ्यासाठी. ये की."

माझी त्या आठवड्यात दोन कामं अडकलेली. मी म्हटलं, "बापू, आक्काच्या फोनवर रेकॉर्ड करून पाठवा की. मी इथं उतरवून घेते."

पलीकडं म्हशीची साखळी वाजली. मग म्हणाले, "पाठवायला काय पार्सल हाय व्हय?" आणि फोन ठेवला.

दिवाळीच्या आधी ते गेले. मी पोचले तेव्हा गोठ्यात म्हशी नव्हत्या आणि खोलीत तंबोरा उभा होता, गवसणीत. बापू माझ्यावर रागावून गेले असं मी तेव्हापासून धरून चाललेय. कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, लोक म्हणणार, तसं काही नसतं गं. त्यांना काय माहीत?

यंदा पुणं सोडून मी कोल्हापूरला राहायला आले आणि आक्काचा शिरोळहून फोन आला. ती तिथं दिलेली. म्हणाली, "बापूची एक कॅसेट सापडलीया. वर कायबी लिवलेलं न्हाय. तुझ्या कामाची असंल तर बघ." मी कॅसेट आणून सरळ शाहीनकडं दिली. आठ दिवसांत बंदिश फोनवर आली. 'दीप धरूँ मैं द्वार, आवो की.' अंतऱ्यात, 'सूनी डगर, सूनो आँगन, गोरस बाट तके, आवो की.' मी यापूर्वी कधीच न ऐकलेली. तीच असणार, माझ्यासाठी बांधलेली! पण त्यात माझ्यासाठी असं काही नव्हतं. एक माणूस गात होता आणि संपवत होता, बस. चाल ऐकून मी म्हटलं, राग दुर्गा आहे. जरा वाकडी दुर्गा, पण दुर्गाच. फोनमधला तंबोरा दुर्गेला जुळणाऱ्या सा-वर लावला आणि घोकायला लागले. दोन ठिकाणी बोलता बोलता सांगूनही बसले, बापूंनी शेवटी दुर्गा रागाला नवी वाट काढून दिली म्हणून. लोकांनी माना डोलावल्या.

आणि आता चाचा विचारत होते, तंबोरा कुठाय.

त्यांनी खुंटीवरचा एक तंबोरा खाली घेतला. "तू कुठल्या सुरावर घोकलीस?" मी फोनमधला सूर वाजवून दाखवला. त्यांनी तारा त्यावर लावल्या. "लाव गं, बेटा." शाहीननं फाईल पुन्हा लावली. बापूंच्या गळ्याखाली चाचांचा तंबोरा. दुर्गा. बरोबर दुर्गा. मी मान हलवली.

"थांब." चाचांनी खुंट्या पिळल्या, सा-ची जागाच दुसरीकडं नेली. "आता ऐक."

तीच फाईल, तोच गळा, तेच शब्द. पण आता ती दुर्गा नव्हती. भूप होता. साधा, सरळ, पोरवयात पहिल्यांदा शिकवतात तो भूप. कुठंही वाकडा नाही. मला वाटलेली नवी वाट वगैरे काही नव्हतं, माझंच घर चुकलं होतं. आणि दुर्गेत गंधार नसतो. भुपात तोच सगळ्यात महत्त्वाचा. 'आवो की'मधला 'की' सरळ गंधारावर येऊन बसत होता.

"दोन्हीबी बसत्यात," चाचा म्हणाले. "नुसत्या गळ्यावरनं कुणाच्या बाला कळायचं न्हाय. बापूनं घर कुठं बांधलंतं ते त्येचा तंबोराच सांगंल. मूळ टेप आण."

"कॉम्प्युटरवर कच्ची फाईल असंल की," मी शाहीनकडं बघितलं.

शाहीनचा चेहरा उतरला. "उडवली मावशी. जागा भरलीती. साफ झाल्यावर कच्ची कोण ठेवतंय?" मग तीच म्हणाली, "अर्ध्या तासाची टेप हुती. मी म्हटलं गाणं साडेचार मिनिटांचंच हाय, बाकी नुसत्याच रिकाम्या जागा. त्या सॉफ्टवेअरनंच आपोआप काढल्या. मधी मधी बापू कुणाशीतरी बोलत्यात, ते मी काढलं. गाणं तेवढं ठेवलं."

"कॅसेट कुठाय?"

"तुम्हीच परत न्हेली की. आक्कांची म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरोळला गेले. उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले, एसटी त्यांच्या मागं मागं. आक्काच्या घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते, माझ्या खांद्याएवढी. ती रेघ बघून मी उगाचच पावलं उचलली. ही कॅसेट अशा दोन पुरांतून वाचली होती आणि मी ती परत करताना नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत दिली होती.

"हाय की," आक्का म्हणाली. "मी माळ्यावर डब्यात ठेवलोय. पाणी आलं की पैला त्यो डबा वर जातोय, मग मानसं." तिनं स्टुलावर चढून पत्र्याचा डबा काढला. चहा ठेवला. मी सहज विचारलं, ही टेप केली तेव्हा बापूंसमोर कोण होतं, कुणाला शिकवत होते?

"कोण नसायचं की गं. तेच तर! तुला फोन लावला त्येच्यामागनं तीन दिस सकाळच्या पारी सगळ्यांना गोठ्याच्या भाईर काढायचं. खोलीत एकटाच बसायचा, टेपवर बटन दाबायचा आणि कुणाशीतरी बोलायचा. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं." तिनं कप माझ्याकडं सरकवला. "मी एकदा आत डोकावलो, तर मला म्हणाला, शिकवणी चाललीया, जा."

चहा तसाच राहिला माझा. आक्का ओरडत होती, "अगं पी की! एवढी काय घाई?"

दुपारी दुकानात पोचले. चाचांनी जुना टेपरेकॉर्डर काढून ठेवलेला, पट्टा सैल झाला होता तो आवळलेला. "जरा जोरात पळतोय," ते म्हणाले. "पळू दे. तंबोराबी संगटच पळतोय न्हवं?" शाहीन आपली खुर्ची सोडून पुढं आली आणि जमिनीवर चाचांजवळ बसली. मीही खालीच बसले, मांडी घालून.

बटण दाबलं. खरखर. म्हशीची साखळी वाजली. कुणीतरी खाकरलं. आणि तंबोरा सुरू झाला.

नुसताच तंबोरा. मिनिट गेलं, दोन गेली.

"हे सुरुवातीचं सगळं उडालंय," शाहीन हळूच म्हणाली. "इथं काय नव्हतंच की."

चाचांनी तिच्या हातावर हात ठेवला. त्यांना आपला दोरा ओळखू आला होता, चेहऱ्यावर दिसत होतं. पावणेतीन मिनिटांनी मला खर्जातून तो गंधार ऐकू आला. आपसूक आलेला. भूपच. पण आता मला भूप आणि दुर्गेशी देणंघेणं उरलं नव्हतं.

"आला का?" टेपवरचे बापू म्हणाले. मग गायले. "दीप धरूँ मैं द्वार, आवो की." आणि थांबले.

तंबोरा चालू. एक आवर्तन, मोकळं.

ते पुन्हा गायले, तीच ओळ. थांबले. पुन्हा मोकळं आवर्तन. शाहीनच्या त्या रिकाम्या जागा. माझी पाठ आपोआप ताठ झाली. या जागांत मी कित्येक वर्षं बसले होते, आणि तीन महिने घोकून मला त्या दिसल्या नव्हत्या. बापूंनी बंदिश पाठवली नव्हती. शिकवणी पाठवली होती. मी आले नाही, म्हणून त्यांनी माझी जागा ठेवून दिली होती.

तिसऱ्यांदा त्यांनी ओळ म्हटली आणि थांबले, आणि मी गायले. 'आवो की'चा 'की' मी गंधारावर नेऊन ठेवला, तीस वर्षं कीबोर्डवर काढलेल्या बाईनं ठेवावा तसा.

आवर्तन संपलं. टेपवर बापूंनी श्वास घेतला.

"गंधार चढला. पुन्यांदा."

शाहीन दचकून माझ्याकडं बघायला लागली. चाचांनी मान खाली घातली, त्यांनीही ऐकला होता, चढलाच होता. अकरा वर्षांपूर्वी एका रिकाम्या खोलीत बसून त्या माणसाला माहीत होतं की मी कुठं चुकणार. रागावलेला माणूस इतकं लक्षात ठेवत नाही. मला रडू फुटलं, आणि रडायला वेळ नव्हता, कारण ते ओळ पुन्हा म्हणत होते.

शाहीनचा हात बटणाकडं गेला. "बंद करू नको," मी म्हटलं.

ओळ संपली. तंबोरा राहिला. मी डोळे पुसले, खर्जाकडं कान दिला, आणि गंधार केसभर खाली घेऊन, जिथं तो आधीपासूनच होता तिथं, 'की' ठेवला.

खरखर. म्हशीची साखळी. एक आवर्तन पुरं झालं.

"हां," बापू म्हणाले. "आता अंतरा."